पीसीओवाली आणि मी

मिल बंद झाली म्हणून माझं लग्न टळलं. हे मी आज सरळ लिहू शकते, पण तेव्हा मनातल्या मनातसुद्धा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी मिलमधलं होतं आणि सगळ्या घरांमध्ये सुतक पडल्यासारखं झालं होतं. आमचे बाबा टाइम ऑफिसात कारकून होते. त्यांचे वडीलही त्याच मिलमध्ये नोकरीला म्हणून खानदेशातून इंदूरला आले होते. गेटला कुलूप लागलं, बाबा घरी बसले, आणि देवासच्या ज्या स्थळाची बोलणी चालली होती ती आपोआप थांबली. एका खाजगी प्राथमिक शाळेत मी मराठी-हिंदी शिकवत होते. माझ्या पगारावर घर चालायला लागलं, आणि कमावत्या मुलीला घालवून देण्याची घाई मग कुणालाच राहिली नाही.

माझ्यापुरतं मला कॉलेजपासून कळलं होतं, की मला पुरुषाबरोबर संसार करायचा नाही. का नाही, हेही कळत होतं. पण त्याला शब्द नव्हता. जे शब्द होते ते नळावरच्या भांडणातले होते आणि ते स्वतःला लावून घ्यावेत असं कुणाला वाटेल? एकदा बाबा सकाळी पेपर वाचून दाखवत होते. कुठल्याशा गावात दोन मैत्रिणींनी एकत्र विहिरीत जीव दिला, अशी छोटीशी बातमी होती. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय तरी वेड घेतात डोक्यात." बाबांनी पान उलटलं. मी डबा भरून शाळेत गेले आणि दिवसभर मुलांना उजळणी म्हणायला लावली, कारण मला बोलायचं नव्हतं.

मिल बंद झाल्यावर पहिल्या वर्षी बाबा रोज त्यांच्या ठरलेल्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडायचे. सुरुवातीला गेटवर माणसं जमायची, नारे व्हायचे, पुढाऱ्यांची भाषणं व्हायची. हळूहळू ती गर्दी पांगली. कुणी रिक्षा घेतली, कुणी सब्जीचा ठेला लावला, कुणी मुलाकडे निघून गेलं. बाबा तरी जातच राहिले. ते कुठे जातात हे आम्ही विचारत नव्हतो आणि ते सांगत नव्हते.

एक दिवस शाळेतून येताना मला ते एका एसटीडी-पीसीओच्या दुकानात दिसले. काचेच्या केबिनच्या बाहेर, टेबलामागे, खुर्चीवर ताठ बसलेले. समोरच्या माणसाला मशीनमधून निघालेली पावती फाडून देत होते. मला धक्काच बसला. बाबांनी कुणाच्या दुकानावर बसावं याचा मला रागही आला. मी घरी न जाता तशीच आत शिरले.

"बाबा, हे काय?"

"या बाईंना जरा काम होतं," बाबा म्हणाले. "त्या येईपर्यंत बसलोय."

तेवढ्यात ती आली. मोपेड लावली, ओढणी सोडवली, आणि मला म्हणाली, "आप इनकी बेटी? काकाजीने बताया था, टीचर हो."

ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. मल्हारगंजातल्या एका व्यापारी घरातली. परदेशीपुऱ्यातलं ते दुकान तिच्या वडिलांच्या मालकीचं होतं. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत ती सासर सोडून आली होती आणि परत जायला तयार नव्हती. रोज घरात डोळ्यांसमोर नको म्हणून वडिलांनी तिला हा पीसीओ घालून दिला होता, दुकानामागच्या खोलीत राहायची सोय करून दिली होती. मोहल्ल्यात तिला सगळे 'पीसीओवाली' म्हणायचे. त्या म्हणण्यात काय काय असायचं ते सांगायला नको.

मी तिला थोडं कडक आवाजात विचारलं, "माझ्या वडिलांना तुम्ही रोज बसवता का इथे?"

तिने बाबांकडे पाहिलं. ते एका गिऱ्हाइकाला नंबर लावून देत होते. ती मला बाहेर ओट्यावर घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, "समोरच्या देवळाच्या पायरीवर बसायचे. रोज. डबा तिथेच खायचे. मी किती दिवस बघत होते. असं कसं बोलावणार? मग एक दिवस म्हटलं, काकाजी, बिजली का बिल भरना है, एक घंटा बैठोगे? तेव्हापासून रोज मला काही ना काही काम निघतं."

"रोज कसलं काम निघतं तुम्हाला?"

"काही नाही. मोपेड घेऊन एक चक्कर मारून येते."

परक्या माणसाची लाज राखण्यासाठी भर उन्हात मोपेडवर उगाच चकरा मारणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. पुढे तिने बाबांना रीतसर कामावर ठेवलं. ते तिचं काउंटर आणि हिशोब सांभाळू लागले, आणि घरी आल्यावर आईला सांगू लागले की आज दुबईचा फोन लागला, आज एका पोराला नोकरी लागल्याचं कळलं. ते पुन्हा जेवताना बोलायला लागले. हे तिच्यामुळे झालं, हे आईलाही कळत होतं.

मी रोज शाळेतून येताना तिथे थांबू लागले. ती माझ्याशी मराठी बोलायचा हट्ट करायची; तिची तेव्हाची मोडकी मराठी मी इथे बरीचशी सरळ करून लिहितेय. "माझा भूक लागला," म्हणायची, आणि बाबा चष्म्यावरून बघत सुधारायचे, "माझा नाही, मला. आणि भूक लागला नाही, लागली." मी हसत सुटायची.

एका उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली होती. मशीन बंद म्हणून फोनही बंद होते आणि बाबा घरी जेवायला गेले होते. नवीन स्थळाचं मी तिला सांगत होते. बायको गेलेला माणूस होता, दोन मुलं होती, बँकेत होता. ती पंखा बंद म्हणून पुठ्ठ्याने वारा घेत ऐकत होती.

"तुला करायचंय लग्न?"

"नाही."

"का?"

"सांगता येत नाही."

"मला माझं सांगता येतं," ती म्हणाली. "ऐकशील?"

मग तिने सांगितलं. नवरा वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता. सासूही बरी होती. माघारी आल्यावर सगळे विचारत राहिले, त्याने काय केलं, आणि तिला त्याचा एकही दोष दाखवता येईना. "उसमें कोई खोट नहीं थी," ती म्हणाली. "मी रोज त्याच्याशी खोटं वागत होते, एवढंच. मग वडिलांना सांगितलं, मला पुरुषाबरोबर नाही राहायचं. त्यांना वाटलं मला वैराग्य आलं. मला एका महाराजांकडे घेऊन गेले. महाराज म्हणाले, आश्रमात सेवेला ठेवा. मी म्हटलं, महाराज, वैराग्य नाही आलं. मला घर पाहिजे, स्वयंपाकघर पाहिजे, कुणीतरी माझी वाट बघायला पाहिजे. फक्त ते कुणीतरी बाई असावी."

"असं म्हणालीस? महाराजांना?"

"म्हणाले. वडील तेव्हापासून माझ्याशी दुकानापुरतंच बोलतात."

मी रडायला लागले. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकेन असं मला कधी वाटलंच नव्हतं. ती उठली, मला पाणी दिलं आणि शेजारी स्टूल ओढून बसली.

"रडू नको यार," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलं तर समजेल कुणी मेल्याचा फोन आला."

मी रडता रडता हसले. तिने माझा हात हातात घेतला आणि लाइट येईपर्यंत सोडला नाही. आमचं एवढंच ठरलं. दोघींपैकी कुणी कसली शपथ घेतली नाही.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. सुट्टीच्या दिवशी मी दुकानामागच्या खोलीत जेवायला असायची, सणाला ती आमच्याकडे. दोन बायकांची मैत्री म्हणून थोडे दिवस खपलं. मग पानाच्या दुकानावरून टोमणे यायला लागले. मी मान खाली घालून जायची. ती थांबायची. एकदा टोमणा मारणाऱ्याला तिने शांतपणे, इंदुरी थाटात भाऊ म्हणत विचारलं, "भिया, तुमच्या गावचा फोन कालपासून लागत नाहीये ना? संध्याकाळी या, लावून देते." त्याला अपमान झाल्यासारखंही वाटलं नसणार, कारण ती खरंच त्याला फोन लावून देणार होती आणि तिने तो लावून दिलाही.

माझ्या धाकट्या भावाला तोवर पुण्याला एका नव्या कंपनीत चांगली नोकरी लागली होती. दिवाळीला तो आला तो मामाला बरोबर घेऊनच. बँकेतल्या त्या माणसाचं स्थळ अजून उभं होतं. फराळ झाल्यावर भावाने विषय काढला.

"ताई, आता पैशाची अडचण नाही. लग्न मी करून देतो. आणि त्या पीसीओवालीकडे जाणं बंद कर. लोक काय बोलतात मला पुण्यात ऐकू येतं."

"मी लग्न करणार नाही," मी म्हणाले.

मामा म्हणाले, "हिला विचारून काय होणार? त्या बाईलाच बोलवा. समोरासमोर होऊन जाऊ दे."

भाऊ जाऊन तिला घेऊन आला. ती नुकतीच न्हालेली होती, केस ओलेच होते. आईने सतरंजी टाकली होती, पण ती बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मामांनी बराच वेळ घराण्याच्या अब्रूवर ऐकवलं. ती ऐकत होती. मला वाटलं, आता ही म्हणेल की आम्ही बहिणीसारख्या आहोत. मी तिच्या जागी असते तर तेच म्हणाले असते. मामांचं संपल्यावर ती म्हणाली, "मामाजी, आप जो सोच रहे हैं, वो सही है. मैं झूठ नहीं बोलूंगी. पण ही जर म्हणाली की मला लग्न करायचंय, तर मी आजपासून या घराची पायरी चढणार नाही. हिला विचारा."

भावाचा चेहरा लाल झाला होता. मी पुन्हा म्हणाले, "मला लग्न करायचं नाही. मला हिच्याबरोबर राहायचंय." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते तिने आधी वाट करून दिली म्हणून.

मामा बाबांकडे वळले. "तुम्ही काही बोलाल की नाही?"

बाबांनी चष्मा काढला. "मला हे समजत नाही," ते म्हणाले. "या वयात समजेल असंही वाटत नाही. पण मिलला कुलूप लागलं तेव्हा तीस वर्षांचे सोबती रस्त्यात भेटले तरी नजर चुकवून जायचे. त्यांचं तरी काय चुकलं, सगळेच बुडालेले. या मुलीने मला पायरीवरून उठवून खुर्चीवर बसवलं, आणि मी बेकार आहे असं मला एक दिवस जाणवू दिलं नाही. माझी पोरगी अशा माणसाबरोबर राहायचं म्हणते. मी नाही म्हणणार नाही."

ती बाई बाबांना उगाच कामं काढून बसवते, हे बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

आई आत गेली आणि चहा करून घेऊन आली. ट्रे तिने मामांपुढे न धरता आधी तिच्यापुढे धरला. मामांनी चहा घेतला नाही. भाऊ दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला आणि त्यानंतर कित्येक वर्षं तो आईबाबांशी बोलायचा, माझ्याशी नाही.

हे सगळं सोपं झालं असं कुणी समजू नये. शाळेत कुजबुज पोहोचली आणि पालक तक्रार करतात असं सांगून मला राजीनामा द्यायला लावला. पालक कोण, तक्रार काय, कुणी सांगितलं नाही. माझ्या वर्गातली मुलं मला नीट निरोपसुद्धा देऊ शकली नाहीत. मी आठवडाभर अंथरुणातून उठले नाही. ती रोज येऊन उशाशी बसायची आणि दुकानातल्या गमती सांगायची. मी उत्तर देत नव्हते तरी सांगायची. एके सकाळी म्हणाली, "आता बास. मला हिशोब लिहायला माणूस हवाय, काकाजींचे डोळे थकले. पगार शाळेपेक्षा कमी मिळेल, पण राजीनामा मागणार नाही." मी उठले.

काही वर्षांनी बाबा गेले. भाऊ आला, नातेवाईक आले. सकाळपासून ती मागच्या पडवीत चहाची भांडी घासत होती, कारण पुढच्या खोलीत तिने येऊ नये असं भावाने कुणाकरवी सांगितलं होतं. आईला ते कळलं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्याच्याने उठवत नव्हतं. तिने तिथूनच हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत दारात आली.

"पुढे ये," आई म्हणाली. "इथे बस माझ्याजवळ." आणि जमलेल्या बायकांकडे बघून म्हणाली, "ही आमच्या घरातली आहे. यांनी हिच्याकडे शेवटपर्यंत नोकरी केली."

ती आईजवळ बसली आणि तेव्हा कुठे ढसाढसा रडली. बाबांसाठी तिला रडायला सकाळपासून जागाच मिळाली नव्हती.

मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले. केबिनमध्ये आम्ही झाडू आणि बादली ठेवायला लागलो. तिचे वडीलही त्याच सुमारास वारले आणि तिच्या भावाने दुकान परत मागितलं. मागितलं म्हणजे एका सकाळी येऊन कुलूप बदललं आणि तिचे कपडे गाठोडं बांधून बाहेर ठेवले. मी भांडायला निघाले होते. ती म्हणाली, "दुकान त्याचंच आहे. कपडे माझे आहेत, ते घे आणि चल."

परदेशीपुऱ्यातलं आमचं भाड्याचं घर सोडून आम्ही तिघी, म्हणजे ती, मी आणि आई, इंदूरच्याच भंवरकुआं भागात आलो. तिथे गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघत होते, गावोगावची मुलं येत होती आणि त्यांना घरच्यासारखं जेवण मिळत नव्हतं. एका दुमजली घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन आम्ही मेस सुरू केली. घरमालकाने विचारलं, "दोघी बहिणी का?" मी हो म्हणणार तोच ती म्हणाली, "नाही, एकत्र राहतो." त्याने पुढे विचारलं नाही. आईने पोळ्यांचा ताबा घेतला, मी हिशोब आणि बाजार, ती भाज्या आणि मुलं. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचा पेपर वाईट गेलाय, कुणी घरी फोन केला नाहीये, तिला सगळं ठाऊक असायचं. मुलं आम्हाला आंटी म्हणायची आणि आईला आजीजी.

एका रविवारी सकाळी जिन्याच्या भिंतीवर कोळशाने काहीतरी लिहिलेलं दिसलं. आम्हा दोघींबद्दल होतं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. मी ओलं फडकं घेऊन धावले. तिने माझा हात धरला.

"राहू दे."

"मुलं जेवायला येतील आता. वाचतील."

"सकाळी चहाला आले तेव्हाच वाचलंय त्यांनी. आधी मी बोलते, मग पुसू."

"काय बोलणार आहेस? मेस बंद पडेल. आईला घेऊन कुठे जायचं आपण?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण जिना चढताना रोज घाबरायचं असेल तर मेस कशाला चालवायची?"

रविवारी आमच्याकडे दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे तुपातले गोळे, असायचे, त्यामुळे एकही मुलगा चुकवायचा नाही. पंगत बसली होती. ती तुपाचं भांडं घेऊन मधोमध उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, आई माझ्या मागे.

ती म्हणाली, "जीने पर किसी ने कुछ लिखा है. सबने पढ़ा होगा. उसमें गाली गलत है, बात सही है. हम दोनों साथ रहते हैं, जैसे तुम्हारे घर में मां-बाप रहते हैं. जिसको यहां खाना नहीं जमता, वो हिसाब ले जाए, कोई नाराजी नहीं. और जिसको बाफला और चाहिए, थाली आगे करे."

एवढं बोलून ती थांबली. कुणी मान वर करेना. मग खिडकीजवळच्या एका मुलाने ताट थोडं पुढे सरकवलं. "आंटी, एक दे दो. घी कम." तिने त्याला बाफला वाढला. मग शेजारच्याने ताट सरकवलं. दोघेजण न जेवता उठून गेले. बाकीचे जेवत राहिले, आणि कुणीतरी क्रिकेटचं बोलायला लागलं.

ती आत आली तेव्हा पिठाच्या डब्यावर मटकन बसली. भांडं तिच्या हातातून कलंडलं आणि तूप पायावर सांडलं. मला आजवर वाटायचं, हिला भीतीच वाटत नाही. आईने वाकून तिचा पाय पुसला. तिने आईला अडवलं, तर आई म्हणाली, "गप्प बस. छान बोललीस."

त्या आठवड्यात आणखी काही मुलं गेली. दोन-तीन पालकांचे फोन आले, एक पालक स्वतः येऊन जिन्यात उभा राहून नको ते बोलून गेला. घरमालकाने जागा सोडायला सांगितलं. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, जागा सोडते, पण मुलांच्या परीक्षा होईपर्यंत नाही, उपाशीपोटी पेपर कसे देतील? तो कुरकुरत कबूल झाला. परीक्षा संपल्यावर आम्ही दोन गल्ल्या सोडून दुसरं घर घेतलं. पातेली, परात, गॅसच्या टाक्या मुलांनीच वाहून नेल्या. नव्या मालकिणीला तिने पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. मालकीण म्हणाली, "मला भाडं वेळेवर हवं आणि गच्चीवर मुलं नकोत." एवढ्याच अटी होत्या, आणि त्या आम्ही पाळल्या.

आई त्या घरात सहा वर्षं राहिली. शेवटी शेवटी आईला मी भरवलेलं नको असायचं, तिच्या हातचं हवं असायचं. तिची मराठी तोवर चांगली झाली होती, तरी आई तिला सुधारत राहायची.

आईच्या वर्षश्राद्धानंतर काही महिन्यांनी भावाचा फोन आला. मी उचलला. एवढ्या वर्षांत तो माझ्याशी कामापुरतं दोन-चार वेळाच बोलला असेल. त्याच्या मुलीला इंदूरला कोचिंगला घालायचं होतं. बराच वेळ तो फी, क्लास, होस्टेलच्या सोयी यावरच बोलत राहिला.

मग म्हणाला, "ताई, होस्टेलवर ठेवायला जीव धजत नाही. तुमच्याकडे राहील का ती?"

"माझ्याकडे?"

"दोघींकडे," तो म्हणाला. "आई सांगायची मला सगळं. फोनवर. मी ऐकून घ्यायचो, बोलायचो नाही. त्यांना विचार. त्या नाही म्हणाल्या तर मला समजेल."

मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं. ती भाजी फोडणीला टाकत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"विचार, मुलगी तिखट खाते का."

भाची जूनमध्ये आली. भाऊ तिला सोडायला आला होता. दारात बूट काढताना त्याला काय करावं कळत नव्हतं, मग त्याने वाकून आधी मला आणि नंतर तिला नमस्कार केला. तिने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुण्याच्या उकाड्याबद्दल विचारलं. जुनं काही काढलं नाही. पोरीने दोन दिवस सगळं निरखलं आणि तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तिला विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"जे मनात येईल ते."

"तुम्ही आत्याहून मोठ्या आहात ना? मग मोठी आत्या म्हणते."

तिने पोह्यांवर शेव घातली, ताटली पोरीपुढे ठेवली आणि म्हणाली, "लवकर खा, क्लासला उशीर झाला."